दिवा धरून उभी आहे ती कोण?

मुलांनो, हे चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असणार. एखाद्या कॅलेंडरवर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर, नाहीतर फ्रेमवाल्याच्या दुकानात देवादिकांच्या तसबिरींशेजारी. साडी नेसलेली एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा आहे. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा तिने आडोसा केलाय. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडलाय आणि ज्योतीजवळची बोटं आतून पेटल्यासारखी लालसर दिसताहेत. बाकी सगळीकडे अंधार.

हे चित्र कुणी काढलं, असं मोठ्या माणसांना विचारून बघा. दहातले आठ जण सांगतील, "राजा रविवर्मा!" अगदी खात्रीने सांगतील. त्याला कारणही आहे. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत चित्रं छापायचा छापखाना काढला आणि त्यांच्या देवादिकांच्या चित्रांनी घराघरांतल्या भिंती भरून गेल्या. तेव्हापासून जुन्या वळणाचं, साडीतल्या बाईचं कुठलंही सुंदर चित्र दिसलं की लोक त्यांचंच नाव घेतात. शिवाय हे दिव्याचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे आणि त्याच संग्रहालयात रविवर्मांचीही पुष्कळ चित्रं आहेत. मग काय, नाव चिकटलं ते चिकटलंच.

पण आपण चौथीतली एक वजाबाकी करून बघू. चित्रातल्या त्या मुलीचं नाव गीता. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या आणि कोल्हापुरात राहिल्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या, तेव्हा एकशे दोन वर्षांच्या होत्या. दोन हजार अठरामधून एकशे दोन गेले, किती उरले? १९१६. म्हणजे त्यांचा जन्म १९१६ च्या आसपासचा. आणि रविवर्मा वारले १९०६ साली! जी मुलगी अजून जन्मलीच नव्हती तिचं चित्र ते कसं काढणार?

हे चित्र काढलं गीताताईंच्या वडिलांनी. त्यांचं नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

हळदणकरांचा जन्म १८८२ सालचा, सावंतवाडीचा. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे ना, तेच हे गाव. तिथून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. शिकून झाल्यावर १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलेची शाळा काढली. वय किती? सव्वीसच्या आसपास. म्हणजे सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवायचं आणि मधल्या वेळात स्वतःची चित्रं करायची. मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे हा "मधला वेळ" किती असतो ते मला चांगलं ठाऊक आहे! तरी त्यांनी आयुष्यभर चित्रं केली. माणसांची व्यक्तिचित्रं ही त्यांची खासियत, आणि त्यातही जलरंग. १९६८ साली ते वारले.

दिव्याच्या चित्राची हकीगत गीताताईंनी म्हातारपणी सांगितली होती. दिवाळीचे दिवस होते. घरात दिवे लावले होते. हातात दिवा घेतलेल्या आपल्या मुलीकडे वडिलांचं लक्ष गेलं आणि ते म्हणाले, अशीच उभी राहा. मग ती उभी राहिली, तासन्‌तास. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? आज घरी गेल्यावर एक करून बघा. हातात एक तांब्या घ्या, दुसरा हात त्याच्यापुढे आडवा धरा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं न हलता उभे राहा. नाक खाजायला लागेल. दंड भरून येईल. मग कळेल.

आणि वडील चित्र करत होते जलरंगात! इथे जरा थांबूया, कारण खरी गंमत इथेच आहे. तेलरंगात चुकलं तर रंग खरवडून काढता येतो, वाळल्यावर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय नाही. जलरंग पातळ आणि पारदर्शक असतो, खालचा कागद त्यातून दिसत राहतो. म्हणून जलरंगाच्या या पद्धतीत पांढरा रंग वापरतच नाहीत. जिथे सगळ्यात जास्त उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा, तोच पांढरा. आधी फिके थर, ते वाळू द्यायचे, मग जरा गडद, मग आणखी गडद. एकदा गडद झालं की पुन्हा फिकं करणं फार अवघड. म्हणजे ज्योत कुठे असेल, गालावर उजेड कुठे पडेल, हे पहिला ब्रश टेकवण्याआधीच डोक्यात पक्कं पाहिजे. आता त्या चित्रातला अंधार आठवा. केवढा गडद आहे! तो एवढ्या मोठ्या भागावर भरताना पाण्याचा एक ओघळ जरी चेहऱ्यावर आला असता तरी सगळी मेहनत पाण्यात. अगदी शब्दशः.

त्या लाल बोटांचंही गुपित सांगते. रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्चवर, मोबाइलचा असला तरी चालेल, तळहात घट्ट ठेवा. बोटं लाल दिसतील. आपल्या बोटांतून थोडासा उजेड आरपार जातो. पण रक्त त्यातले हिरवे-निळे रंग शोषून घेतं आणि लाल तेवढा पलीकडे येऊ देतं. हळदणकरांनी हे समोर बघितलं आणि जसं दिसलं तसं रंगवलं. बोटांचा रंग म्हणजे पेटीतला "अंगाचा रंग" असं धरून चालले असते तर ते चित्र आज कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. (त्या पेटीतल्या "अंगाच्या रंगा"वर माझा फार राग आहे. वर्गात पन्नास मुलं असतात आणि त्या रंगाचं अंग एकाचंही नसतं.)

आता तुम्हाला प्रश्न पडेल की चित्रकाराने मुलीलाच का उभं केलं? बाहेरचं कुणी नव्हतं का? होतं की. चित्रकारांच्या समोर बसण्याचं काम करणारी माणसं असतात, त्यांना मॉडेल म्हणतात. कलाशाळांमध्ये त्यांना बसण्याचे पैसे मिळतात. आणि ते कष्टाचंच काम आहे. पण चित्रकाराला रोज कुठले एवढे पैसे परवडणार? म्हणून मग घरची माणसं. बायको, मुलं, आई, कामाला येणाऱ्या मावशी. ती फुकट बसतात, ओळखीची असतात आणि "जरा मान डावीकडे" म्हटलं की रुसली तरी जेवणाच्या वेळेपर्यंत हसतात. जगात सगळीकडे असंच चालत आलंय. हॉलंडचा प्रसिद्ध चित्रकार रेम्ब्रां यानेही आपली बायको सास्किया आणि मुलगा टायटस यांची कितीतरी चित्रं केली.

आपल्याकडे गोव्यातल्या सांगे गावात जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद नावाचे मोठे चित्रकार होऊन गेले (१८७० ते १९३५). तेही मुंबईत जे. जे.मध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. लोक त्यांना "पूर्वेचा रेम्ब्रां" म्हणत. त्यांची पत्नी फ्लोरेंतिना त्यांच्या अनेक चित्रांत आहे. आराम करणाऱ्या फ्लोरेंतिनाच्या एका चित्राला १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुढे मधुमेहाने त्यांचा पाय कापावा लागला, तरी ते चित्रं करत राहिले. बाहेर हिंडणं अवघड झालेल्या माणसाला घरच्यांचे चेहरे किती मोलाचे वाटले असतील! त्यांची मुलगी अँजेला. तीही वडिलांची मॉडेल, आणि पुढे स्वतः नावाजलेली चित्रकार झाली.

जे. जे.मधलेच महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७ ते १९४४) घ्या. हळदणकर तिथे विद्यार्थी होते तेव्हा धुरंधर तिथे शिकवत होते. धुरंधरांचा हात म्हणजे न थांबणारं यंत्र! पेन्सिल आणि वही सतत जवळ. बाजारातली माणसं, देवळातली माणसं, घरातली माणसं, जो दिसेल तो वहीत. त्यांची मुलगी अंबिका (१९१२ ते २००९) जे. जे.मध्ये शिकून चित्रकार झाली. वडिलांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, तसं तिनेही आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. ज्या मुली बाबांसमोर तासन्‌तास बसल्या त्या नुसत्या बसल्या नसणार, असं मला वाटतं. बाबा कागदाकडे कधी बघतात, आपल्याकडे कधी बघतात, डोळे बारीक कधी करतात, हे त्या बघत असणार. चित्रकला शिकायची ती सगळ्यात स्वस्त शाळा.

तर गेल्या पावसाळ्यात, रोवणी आटोपल्यावर, मी माझ्या वर्गात हेच करून पाहिलं. भंडाऱ्याजवळच्या खेड्यातली आमची शाळा. धानाच्या बांध्या शाळेच्या कुंपणापर्यंत येतात. एका मुलाच्या आजींना विनंती केली, "आजी, दोन तास बसाल का आमच्यासमोर?" त्या आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "बसून रायचं? अन् काम कोनतंच नाही? मंग येतो!"

बसवायचं कुठे, हा पहिला प्रश्न. चित्रकार आपल्या खोलीला उत्तरेकडची खिडकी असावी असं म्हणतात. कारण सोपं आहे. सूर्य पूर्वेकडून दक्षिणेकडे कलून पश्चिमेला जातो. त्यामुळे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन सारखं सरकतं आणि तासाभरात चेहऱ्यावरची सावली बदलून जाते. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातले बहुतेक दिवस थेट ऊन येत नाही. उजेड शांत आणि एकसारखा राहतो. आम्हीही आजींना उत्तरेच्या खिडकीजवळ, खुर्चीवर, एक बाजू उजेडात येईल अशी बसवलं. पायाखाली खडूने खुणा केल्या. मधेच पाणी प्यायला उठल्या तरी परत त्याच जागी पाय ठेवता यावेत म्हणून. दर वीस मिनिटांनी सुट्टी. हा नियम कलाशाळेतही असतो, आणि तो पाळायचाच. समोर बसलेलं माणूस आहे, मडकं नाही.

चार-चार मित्रांचे गट केले आणि त्यांना आजींच्या भोवती अर्ध्या गोलात बसवलं. हळदणकरांच्या काय किंवा दुसऱ्या कुठल्या काय, कलेच्या वर्गात असंच बसतात. मधे एक माणूस आणि भोवती बघणारे. मग मजा सुरू झाली. पहिल्यांदा सगळ्यांनी डोळे कपाळावर नेऊन ठेवले! हे बहुतेक मुलं करतात. मोठी माणसंसुद्धा करतात. आरशात बघून बोटांनी मोजा: डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंत जेवढी उंची, त्याच्या अगदी मध्यावर डोळे असतात. आपल्याला चेहरा महत्त्वाचा वाटतो, म्हणून कपाळ आणि डोकं आपण लहान करून टाकतो. माप घ्यायचं तर हात ताठ धरून पेन्सिल उभी पकडायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा सरकवून लांबी बघायची. हात वाकला की माप चुकलं.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आजीच्या कपाळावर किती रेघा हायेत, त्या साऱ्या काढू का?" मी म्हटलं, आधी सावलीचे मोठे भाग बघ. डोळे अर्धे मिटलेस की रेघा नाहीशा होतात आणि उजेड-अंधार तेवढे उरतात. ते आधी भर, रेघा मागाहून. तिने तसं केलं आणि खरोखरच आजी दिसू लागल्या. दुसऱ्या एकाने मात्र चेहरा अर्धवट सोडून फक्त हात काढले. रोवणीच्या चिखलाने नखांच्या कडा काळ्या झालेले हात. त्या दिवशीचं मला सगळ्यात आवडलेलं चित्र तेच.

तास संपल्यावर सगळी चित्रं भिंतीला टेकवून ओळीने ठेवली. एकाच आजी, एकच खुर्ची, एकच उजेड आणि तरी प्रत्येक कागदावर निराळ्या आजी! एकीत रागावलेल्या, एकीत पेंगलेल्या. एकीत तर थेट तिच्या काढणाऱ्यासारख्या दिसणाऱ्या. (हेही नेहमी होतं. आपण आपलाच चेहरा सगळ्यात जास्त वेळा बघितलेला असतो ना!) मग मित्रांनी एकमेकांची चित्रं बघून बोलायचं. नियम एकच: "छान" हा शब्द वापरायचा नाही. काय दिसतंय ते सांगायचं. "तुझ्या आजीचा कान खांद्याला लागला", "तुझी खुर्ची हवेत आहे", "तुझा पदर खरा वाटतो, तो कसा केलास?" असं.

मित्रांबरोबर चित्र काढण्याचा खरा फायदा हाच. हळदणकरांनीही एकट्याने बसून सगळं केलं नाही. १९१८ साली त्यांनी इतर चित्रकारांसोबत मुंबईत आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली, आपली चित्रं एकत्र मांडता यावीत, एकमेकांची बघता यावीत म्हणून. आपल्या विदर्भाच्या जवळचं उदाहरण हवं? मंडला जिल्ह्यात जंगलखात्यातल्या नोकरदाराच्या घरी जन्मलेले सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे यांचंही नागपूरशी नातं. हे दोघे पुढे मुंबईला गेले आणि १९४७ साली सूझा, हुसेन, आरा आणि बाकरे यांच्यासोबत त्यांनी चित्रकार-शिल्पकार मित्रांचा एक गट केला. त्यातले आरा तर लोकांच्या घरी काम करून, मोटारी धुऊन पोट भरत होते. सहाही जणांचं काम एकमेकांहून अगदी वेगळं. मित्र असले म्हणजे सारखंच काढलं पाहिजे असं थोडंच आहे?

आता पालकांसाठी थोडं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवणं शक्य नसेल, किंवा ते माणूस आता नसेल, तर फोटोवरूनही चित्र काढता येतं. पूर्वी आपल्याकडे दुकानांच्या पाट्या आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे पेंटर गावोगावी असत. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम पुष्कळ कमी झालं. एवढ्याशा फोटोवरून भलामोठा चेहरा ते कसा काढत? चौकटींनी. फोटोवर, म्हणजे त्याच्या झेरॉक्सवर, पट्टीने एकेक सेंटिमीटरच्या चौकटी आखायच्या. मोठ्या कागदावर तेवढ्याच चौकटी पाच-पाच सेंटिमीटरच्या, अगदी हलक्या हाताने. मग एकेका चौकटीत जेवढं दिसतं तेवढंच मोठ्या चौकटीत उतरवायचं. नाक काढतोय हे विसरून जायचं, रेघ कुठून कुठे जाते तेवढं बघायचं. मात्र माणूस समोर असेल तर फोटो नकोच. फोटो खोकत नाही, गोष्ट सांगत नाही आणि "माझं नाक एवढं मोठं हाय का रे?" असं विचारत नाही.

चित्र झालं की मागच्या बाजूला पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: समोर कोण बसलं, कुणी काढलं, कुठे आणि कोणत्या तारखेला. पेनने नको, शाई पुढे उमटते. आमच्या त्या मुलाने मागे लिहिलं, "माझी आजी." आजींनी नातवाला वाचून दाखवायला लावलं आणि विचारलं, "मले नाव नाही का?" वर्ग एकदम गप्प झाला. मग त्याने खोडलं आणि वडिलांच्या आईचं पूर्ण नाव, आडनावासकट, लिहिलं. वर्गातल्या निम्म्या मुलांना आपल्या आजीचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. ती सगळी त्या दिवशी घरी जाऊन विचारून आली. या आजींचं नाव मी इथे दिलं असतं, पण "पेपरात नोको, माह्या घरी भितीवर असू दे," असं त्यांनीच सांगितलं.

भिंतीवर लावायचं तर एक काळजी घ्या. जलरंगाचं चित्र उन्हात फिकं पडतं, म्हणून ऊन येईल अशी भिंत नको. फ्रेम करताना कागद थेट काचेला चिकटू देऊ नका. मधे चहूबाजूंनी जाड पुठ्ठ्याची पट्टी घालायला फ्रेमवाल्या काकांना सांगा. आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत लाकडाचे दोन छोटे ठोकळे चिकटवा, म्हणजे ती भिंतीपासून बोटभर सुटी राहील. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते.